खेळती काठी

माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये असतो. आठवडाभर संगणकापुढे बसतो आणि हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी पायांना दोन लांब फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरत खाली येतो. या फळ्यांना स्की म्हणतात हे आपल्याला चित्रपटांमुळे ठाऊक असते. त्यापलीकडे मला त्यातले काही कळत नव्हते. गेल्या हिवाळ्यात त्याने मला एक लांबलचक पत्र पाठवले. नव्या जातीची एक स्की त्याने चार दिवस वापरून पाहिली होती. त्याचा वृत्तान्त त्याला तिकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी मराठीत लिहायचा होता. सगळे लिहून झाले होते, पण एका शब्दावर घोडे अडले होते. 'मामा,' त्याने विचारले होते, 'इथे अशा स्कीला प्लेफुल म्हणतात. मी खेळकर लिहिले, तर ती फळी अंगणातल्या पोरासारखी वाटते. तू मराठीचा प्राध्यापक. शब्द सांग.'

मराठीच्या प्राध्यापकाला शब्द विचारला की त्याची छाती थोडी फुगते. मी लगेच कागद ओढला आणि लवचीक, चपळ, अवखळ, लाडीक अशी यादी केली. मग त्याचा वृत्तान्त पुन्हा वाचला आणि यादी बाजूला ठेवली. त्यातली वस्तू यांपैकी कशातच बसत नव्हती.

त्याने जे सांगितले होते ते असे. डोंगरावर बर्फ एक नसते. सकाळी ते काचेसारखे कडक असते, दुपारी उन्हाने भिजून जड होते, झाडीत भुसभुशीत असते आणि उतारावर असंख्य वळणे घेऊन गेलेल्यांमुळे तिथे उंचवटे तयार झालेले असतात. काही स्की एकाच प्रकारच्या बर्फासाठी केलेल्या असतात. ही मात्र सगळ्या डोंगरासाठी, आणि वर उड्या, गिरक्या, उलटे जाणे या खेळांसाठीही. म्हणून तिची दोन्ही टोके वर वळवलेली. (पूर्वी पुढचे टोकच असे वळलेले असे. १९९८ च्या सुमारास सॅलोमन कंपनीने 'टेन-एटी' नावाची दुटोकी स्की आणली आणि तरुण मुलांनी ती उचलून धरली.) अशी स्की फार ताठ असेल तर खेळू देत नाही, फार मऊ असेल तर कडक बर्फावर थरथरते आणि वेगात दगा देते. भाच्याच्या स्कीचा गाभा बांबूचा होता. वाकायची तेवढी वाकून ती परत येताना त्याला किंचित वर ढकलत होती. 'मी काही करण्याआधी ती विचारते,' असे त्याने लिहिले होते.

मला सर्वांत आवडली ती वृत्तान्ताची सुरुवात. आपली उंची, आपले वजन, किती वर्षे हा खेळ खेळतो, कोणत्या सवयी चुकीच्या आहेत, गुडघा कोणता दुखावलेला आहे, हे सगळे त्याने आधी लिहिले होते. असे लिहिण्याची तिकडे पद्धतच आहे म्हणे. कारण तीच स्की वजनदार माणसाला मऊ वाटते आणि हलक्या माणसाला ताठ. परीक्षकाने आपले माप आधी दिले नाही तर त्याच्या मताला अर्थ नाही. आमच्या समीक्षेत ही पद्धत नाही. कविता 'ताठर' आहे असे आम्ही बिनदिक्कत लिहितो; आमचे वजन किती, हे कोणी विचारत नाही.

'बांबू' आणि 'विचारते' हे दोन शब्द मात्र डोक्यातून जाईनात. आणि मग मला उत्तर आठवले. ते मी शोधून काढलेले नव्हते. २०२२ च्या माघात वारणेकाठच्या आमच्या गावाबाहेरच्या माळावर ते माझ्यासमोर बोलले गेले होते.

आमच्या गावाची जोतिबाला सासनकाठी जाते. कोल्हापूरपासून अठरा किलोमीटरच्या आसपास, पन्हाळा तालुक्यात, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबा आहे. तिथले आजचे मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधल्याची नोंद आहे. चैत्र पौर्णिमेला तिथे यात्रा भरते आणि महाराष्ट्रातून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही गावोगावच्या काठ्या येतात. सासनकाठी म्हणजे एक उंच कळक. त्याला रंगीत कापड गुंडाळलेले, वर निशाण, बुडख्याकडे उचलून धरण्यासाठी बसवलेले आडवे लाकूड आणि वरच्या भागातून चहूबाजूंना सोडलेले दोर. एक जण काठी तोलून नाचवतो आणि बाकीचे दोर धरतात. हलगी, घुमकं, कैताळ यांचा कडकडाट चालू असतो, गुलाल-खोबरे उधळले जाते, 'चांगभलं'चा गजर होतो. काठ्यांचे मान ठरलेले आहेत. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीच्या काठीचा. दुपारनंतर मानाच्या काठ्या पालखीपुढे यमाईच्या देवळाकडे निघतात. आमची काठी मानाची नाही. ती गर्दीतली काठी आहे, पण आमची आहे.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे महासाथीमुळे आमची काठी डोंगरावर गेली नाही. ती भावकीतल्या एका घरी माळवदाखाली आडवी पडून राहिली. दरवर्षी तिला तेल लागत असे, ऊन लागत असे. या दोन वर्षांत कोणी तिच्याकडे पाहिले नाही. २०२१ च्या दिवाळीनंतर कापड सोडवून बघितले तर तीन पेरांना घुण लागलेला. बोटाने दाबले की पिवळी भुकटी गळायची. त्या वर्षी यात्रा भरणार की नाही याची खात्री नव्हती, तरी नवा कळक आणायचे ठरले.

मला या कामात कोणी बोलावले नव्हते. मीच गेलो. 'सासनकाठी : एक सांस्कृतिक चिन्ह' या विषयावर मी एका चर्चासत्रात निबंध वाचलेला होता. काठीची उभी रेषा, आकाश आणि भूमी यांचा सांधा, वंशवृक्षाचे रूपक असे बरेच काही त्यात होते. काठी कशी निवडतात हे मात्र मला माहीत नव्हते.

कळकाच्या बेटापाशी आमचे नाना (ते वडिलांचे चुलतभाऊ) पुढे झाले. कळक हे झाड नव्हे, गवत आहे, हे मी पुस्तकात वाचले होते. कोंब जमिनीतून येतो तोच आपली जाडी घेऊन येतो आणि एकाच मोसमात पुरता उंच होतो. पुढची वर्षे तो फक्त आतून घट्ट होत राहतो. म्हणून उंचीवरून वय कळत नाही. नाना कळकावर कोयत्याची पाठ ठोकत होते आणि कान देत होते. पहिल्या वर्षाच्या कळकाचा आवाज ओला, बसका. फार जुन्याचा कोरडा, फुटका. त्यांना मधला हवा होता. कळक थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात कापायचा, म्हणजे कीड लागत नाही, असे आमच्याकडे मानतात. पंधरवड्याचे मला सांगता येणार नाही. पण पावसाळ्यानंतर थंडीत कळकातले पिष्ट कमी होते आणि घुणाला खाद्य मिळत नाही, हे शास्त्रही सांगते.

तीन कळक आणले. सावलीत आडवे ठेवून ते वाळवले आणि माघात एका सकाळी माळावर त्यांची परीक्षा झाली. परीक्षा हा शब्द माझा. नाना म्हणाले, 'बघू या, कुठली खेळती हाय.'

पहिला कळक सरळ होता. मला तोच आवडला. डोळ्यांना दोष दिसत नव्हता. गावातला एक तरणा गडी तो उभा घेऊन चार पावले नाचला आणि खाली ठेवत म्हणाला, 'ताठ हाय. काय सांगतच न्हाई.' दुसरा हलका होता, पण शेंड्याकडे फार लवत होता. हात डावीकडे नेला की शेंडा आधी उजवीकडे जाई, मग दचकल्यासारखा परत येई, आणि तोवर हात दुसरीकडे गेलेला असे. 'नाठाळ,' नाना म्हणाले. तिसऱ्याला मध्यावर किंचित बाक होता. मी मनातल्या मनात त्याला नापास केले होते. तो उभा राहिला, गड्याने पाय आपटला, कळक बुडख्यापासून शेंड्यापर्यंत एकदा हलला आणि जागेवर आला. पुन्हा पाय आपटला. या वेळी गड्याच्या तोंडावर हसू होते. 'ही खेळती हाय,' तो म्हणाला, आणि नानांनी मान हलवली.

भाच्याला हवा असलेला शब्द हाच होता. खेळकर हा स्वभाव झाला. खेळती म्हणजे जिच्यात हालचालीला वाव आहे आणि जी त्या वावात परत येते, ती. आपण घरातली हवा खेळती ठेवतो, भांडवल खेळते ठेवतो. पाणी शेतात खेळवतो. कोकणात शिमग्याला पालखी खेळवतात. यातले काहीच खेळकर नसते. साठलेली हवा, अडकलेला पैसा, तुंबलेले पाणी यांच्या उलट जे असते ते खेळते. कागदावर यादी करताना मला हा शब्द सुचला नाही, कारण तो यादीतला शब्द नव्हता. तो कोणीतरी हातात वजन धरून उच्चारलेला शब्द होता.

त्या सकाळी मी उगाच म्हणालो, 'मी उचलून बघू?' क्षणभर शांतता झाली. मग कोणीतरी माझ्या कमरेला कापड आवळले आणि दोर धरायला चौघे उभे राहिले. भाच्याच्या पद्धतीने आधी माझे माप देतो : त्या वेळी वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट सहा इंच, वजन बहात्तर किलो, खडू आणि पुस्तक यांपलीकडे उचलण्याची सवय नाही, उजवा खांदा दुखरा. काठी सुमारे पस्तीस फूट.

लांब काठी तोलणे अवघड आणि आखूड सोपे, असे आपल्याला वाटते. खरे उलट आहे. तळहातावर फूटपट्टी उभी केली तर ती बघता बघता पडते. काठी जितकी लांब तितकी ती सावकाश पडते : पस्तीसपट लांब असेल तर पडायला सुमारे सहापट वेळ घेते. म्हणजे हाताला सावरायला सवड मिळते. ही सवड काठी देते. ती कशी वापरायची हे माणसाला यावे लागते. मला आले नाही. मी माझ्या मनगटांकडे बघत होतो. 'सर, हाताकडं काय बघतायसा? शेंड्याकडं बघा की!' कोणीतरी ओरडले. मी वर पाहिले. शेंडा निळ्या आभाळात एका बाजूला चालला होता, अगदी निवांतपणे, आणि मला ते दिसत असूनही माझे हात गोठले होते. मी काठी आणखी घट्ट धरली. घट्ट धरल्यावर ती मुकी झाली. दोरावरच्या चौघांनी तिला अलगद परत आणले आणि गड्याने ती माझ्या हातातून काढून घेतली. कोणी हसले नाही. ते न हसणे मला लागले.

घरी आलो तेव्हा वडील सोप्यात बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, त्यामुळे माळावर येऊ शकले नव्हते. कळक कोणता ठरला हे त्यांना आधीच कळले होते. माझी हकिकतही कळली होती.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. हा लेख मी तिच्यासाठीच लिहितो आहे. तिशीत असताना मी माझा पहिला ललित लेख लिहिला. एका दिवाळी अंकात तो छापून आला. वडिलांवर होता. त्यात मी लिहिले होते की माझे वडील वीस वर्षे जोतिबाची काठी नाचवत होते, आणि लहानपणी डोंगरावर गुलालात न्हालेल्या त्यांच्या अंगावरून मी घाम निथळताना पाहिला आहे. लेख बऱ्याच जणांना आवडला. एका वाचकाने तो वाचताना डोळे भरून आल्याचे कळवले होते. फक्त ते खरे नव्हते. माझ्या वडिलांनी काठी कधी नाचवली नाही. त्यांनी दोर धरला. सगळी वर्षे मागच्या बाजूचा दोर. शाळेत असताना मला याची लाज वाटत असे. बाकीची मुले सांगत, आमचा बाप काठी नाचवतो. दोर धरणाऱ्याकडे यात्रेत कोण बघते? माझ्या लेखालाही दोर धरणारा बाप पुरेना. मी त्यांच्या हातात काठी दिली. वाक्य त्यामुळे उंच झाले.

तो अंक मीच त्यांना नेऊन दिला होता. चष्मा लावून त्यांनी सगळा लेख वाचला. मग अंक मिटून म्हणाले, 'ल्हिलंयस चांगलं. पर त्यो मी न्हवं.' एवढेच. पुढे सोळा-सतरा वर्षे या विषयावर आमच्यात अवाक्षर झाले नाही. वर्गात मात्र मी ललितलेखनातली कल्पितता, अनुभवाचे रूपांतर, असे पुष्कळ शिकवले.

त्या सकाळी सोप्यात ते म्हणाले, 'काठी धराय गेलतास म्हणं.' मी म्हटले, 'जमली नाही, आबा.' ते म्हणाले, 'काठी धरणारा लई बघिटलाय समद्यांनी. दोर धरून बघ.' मग कधी नव्हे ते त्यांनी सविस्तर सांगितले. हातांनी हवेत दोर धरून सांगितले. 'ताणून धरायचा न्हाई. ताणलास की काठी नाचत न्हाई, नुसती हुबी ऱ्हाती. ढिलाबी सोडायचा न्हाई. सोडलास की ती मानसावर पडती. काठीला कळलं पायजे आपण हाय. पर आपण आडवं याचं न्हाई.' थोड्या वेळाने म्हणाले, 'आन् नाचणाऱ्याचं पाय बघायचं. काठी न्हवं. पाय कुठं चाललं त्यावरनं शेंडा कुठं जाणार ते कळतं.'

माळावर काठी धरणाऱ्याने शेंडा बघायचा, दोरावर असणाऱ्याने पाय बघायचे. माझ्या निबंधात हे कुठेच नव्हते.

त्या वर्षी यात्रा भरली. पाडव्याला नवी काठी गावात उभी राहिली आणि १६ एप्रिल २०२२ ला, चैत्र पौर्णिमेला, आम्ही डोंगरावर होतो. मागचा डावा दोर माझ्या हातात होता. माळावरची परीक्षा ही अर्धीच परीक्षा होती, हे मला तिथे समजले. गावच्या वाटेवर काठी आडवी खांद्यावर नेताना ती ओझे असते. चढावर तिला उभी केली की वारा निशाण पकडतो. दुकानांच्या मधल्या अरुंद वाटेत तिला नाचायला जागा नसते, तिथे ती फक्त श्वास घेतल्यासारखी हलते. पायऱ्यांवर नाचणाऱ्याचे पाऊल खाली जाते आणि शेंडा क्षणभर वरच राहिल्यासारखा वाटतो. जमीन गुलालाने निसरडी झालेली असते. एकाच काठीला हे सगळे करायचे असते. आमच्या कळकाच्या मध्यावरचा तो बाक, ज्याच्यासाठी मी त्याला नापास केले होते, वाऱ्यात उपयोगी पडला की केवळ आड आला नाही, हे मी सांगू शकणार नाही. मी काठीकडे बघतच नव्हतो. मी पाय बघत होतो.

माझा दोर बहुतेक वेळ ढिला आणि ताण यांच्या मधल्या कुठल्यातरी ठिकाणी होता. एकदा, पायऱ्यांच्या तोंडाशी, मागून गर्दीचा लोट आला आणि नाचणाऱ्याचा उजवा पाय घसरला. दोर माझ्या हातात जिवंत झाला. मी किती ओढला, केव्हा सोडला, आठवत नाही. तळहात सोलला होता हे नंतर कळले. काठी कलली, थांबली, परत आली. नाचणाऱ्याने मागे वळूनही पाहिले नाही. त्याला मागे कोणीतरी आहे हे ठाऊक होते, आणि तेवढे त्याला पुरेसे होते. माझ्याकडे त्या गर्दीत कोणीच पाहिले नाही. वडिलांकडे इतकी वर्षे कोणी पाहिले नसेल ते असेच.

रात्री घरी आल्यावर मी त्यांना तळहात दाखवला. त्यांनी तो दिव्याखाली धरून पाहिला. 'ताणलास जरा ज्यादा,' म्हणाले. त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही एकमेव समीक्षा, आणि ती अचूक होती. २०२३ च्या पावसाळ्यात ते गेले. तो दिवाळी अंक त्यांच्या ट्रंकेत होता, धोतरांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. त्यांनी तो का जपला असेल याचा मी अनेकदा विचार करतो. त्यातला बाप त्यांचा नव्हता. पण लिहिणारा मुलगा त्यांचाच होता, एवढेच कारण असेल.

भाच्याला मी 'खेळती' हा शब्द कळवला आणि तो कुठून आला तेही लिहिले. त्याला तो चालला. त्याच्या लेखात आता 'ही खेळती स्की आहे' असे वाक्य आहे, आणि कंसात 'हा शब्द माझ्या आजोबांच्या गावचा' असे आहे. मग त्याने विचारले, 'आजोबा काठी नाचवायचे ना? तुझ्या त्या लेखात वाचले होते.'

मी उत्तर लिहिले : नाही. ते दोर धरायचे. मागच्या बाजूचा.